द वायर : ओमारला असं मारायला हवं होतं का? (सगळं फोडलेलं आहे, न पाहिलेल्यांनी जपून)

रातकिडा
'द वायर' या बाल्टिमोर शहरातल्या पोलीस आणि गर्दविक्यांवरच्या अमेरिकन मालिकेच्या पाचव्या सीझनचा आठवा भाग बघून झाला आणि डोकं भणाणलंय. घरात बोलायला कुणी नाही (बायकोने पहिल्या सीझनच्या चौथ्या भागातच मालिकेला रामराम ठोकला), म्हणून इथे धागा काढतोय.

ज्या माणसाच्या शिट्टीवर गल्ल्या रिकाम्या होतात, जो बंदूक लांब कोटात लपवून फक्त गर्द विकणाऱ्यांनाच लुटतो, ज्याच्या मागे आधी बार्क्सडेलची आणि मग मार्लोची टोळी लागूनही हाती लागत नाही, तो ओमार कोपऱ्यावरच्या दुकानात सिगारेटचं पाकीट घेताना मरतो. मारतो कोण? केनार्ड. धड मिसरूडही न फुटलेलं पोरगं. ना पाठलाग, ना समोरासमोर गाठ, ना एखादं वाक्य. बरं, शवागारातही त्याच्या नावाची चिठ्ठी दुसऱ्याच प्रेताला लागते आणि पेपरात दोन ओळींची जागा मिळत नाही.

माझं म्हणणं असं की हा प्रेक्षकाचा विश्वासघात आहे. इतकं पात्र उभं करायचं आणि मग असं संपवायचं? कथाकथनाच्या नावाखाली काहीही खपवतात.

कट_टू
विश्वासघात वगैरे काही नाही. तिसरा सीझन परत काढ. गोळीबारानंतर डिटेक्टिव्ह बंक रस्त्यावर उभा असतो आणि बाजूला पोरं लुटूपुटूचा गोळीबार खेळत असतात. "आता ओमार मी होणार" म्हणून भांडणारं पोरगं आठवतंय? तोच केनार्ड. लेखकांनी सावकाराचं खातं दोन सीझन आधी उघडलं होतं, वसुली पाचव्यात झाली.

आणि त्यानंतर बंक ओमारला बाकावर बसवून झापतो, तो प्रसंग विसरू नका. पोरं तुझ्या नावाने खेळतायत, तुला आदर्श मानतायत, याची लाज वाटते का, असा त्याचा सूर असतो. त्या मालिकेत ओमारला बोलून गप्प केलेला हा बहुधा एकमेव माणूस.

तर्कट
कट_टू, पेरणी केली म्हणून पीक चांगलंच येतं असं नाही. :) मलाही रातकिडासारखंच वाटलं, पण कारण वेगळं. मला केनार्ड चालला. चालली नाही ती त्याआधीची उडी. वरच्या मजल्याच्या गॅलरीतून उडी मारतो, पाय मोडून घेतो आणि लंगडत गायब होतो. साठ भाग वास्तवाच्या गप्पा मारायच्या आणि इथे थेट पौराणिक चित्रपट?

पॅटाप्स्कोकाठी
तर्कट, गंमत अशी आहे की ती उडीच खरी आहे. ओमार ज्यांच्यावर बेतलाय त्यांतला एक डॉनी अँड्र्यूज. त्याने अशी उडी खरोखर मारली होती, आणि मालिकेत दाखवलीय त्याहून जास्त उंचीवरून. लोकांना पटणार नाही म्हणून लेखकांनी मजले कमी केले!

मी एलिकॉट सिटीत राहते, नोकरीसाठी बाल्टिमोरला जाणं-येणं असतं. इथे हा विषय काढला की शहरातली जुनी माणसं नाराज होतात. आम्हाला सगळं जग त्या एका मालिकेवरून ओळखतं, अशी त्यांची तक्रार. तक्रार खोटी नाही. पण पश्चिम बाजूच्या गल्ल्यांतून गेलं की एकाला एक चिकटलेली ती लाल विटांची घरं, दारापुढच्या संगमरवरी पायऱ्या आणि खिडक्यांवर ठोकलेलं प्लायवुड आजही दिसतं. 2015 ते 2022 दरवर्षी शहरात तीनशेच्या वर खून झाले. 2023 पासून आकडा बराच खाली आलाय, हेही सांगायला हवं, नाहीतर मीही त्याच लोकांत जमा.

रातकिडा
उडी खरी?? बरं, ती सोडली. मृत्यूबद्दल मत कायम आहे.

फौजदाराची_लेक
माझे वडील पोलीस खात्यातून निवृत्त झाले, त्यामुळे मी ही मालिका वेगळ्या डोळ्यांनी बघितली. त्यांना सोबत बसवून पहिला सीझन दाखवला. त्यांचं इंग्रजी बेताचं, पण कुठे अडलं नाही. एरवी दर भागाच्या शेवटी दार तोडून आरोपी पकडणाऱ्या मालिका लागल्या की ते उठून बागेला पाणी घालायला जातात.

त्यांना सगळ्यात काय आवडलं असेल? साहेबांची मीटिंग. आकडे पडद्यावर, वरिष्ठ टेबलाच्या त्या बाजूला, हाताखालचा अधिकारी उभा, आणि सगळ्यांदेखत त्याची साल काढणं चालू. बाबा म्हणाले, "ही आमची क्राईम मीटिंग." गुन्हे कमी दिसले पाहिजेत, तर गुन्हे कमी लिहा. आपल्याकडे मोबाईल चोरीला गेला की 'गहाळ' म्हणून दाखला मिळतो, चोरीचा गुन्हा दाखल व्हायला नाकी नऊ येतात. खात्यात याला बर्किंग म्हणतात. तिकडे दरोड्याची साधी चोरी होते. पद्धत तीच.

त्यांना एकच गोष्ट खटकली. वायरटॅपसाठी न्यायाधीशाकडे एवढ्या चकरा. आपल्याकडे टॅपिंगची परवानगी गृहसचिव देतो. त्यामुळे आधी दुसरे सगळे मार्ग वापरून थकलो हे कागदावर दाखवा, फोनवर नेमका तोच माणूस आहे हे छतावरून डोळ्यांनी बघा आणि मगच ऐका, हा प्रकार त्यांना अतीच वाटला. मला मात्र त्यातच खरी मजा आली. इतर मालिकांत हेडफोन लावला की गुन्हेगार सगळं कबूलच करायला लागतात.

अण्णा_कणकवली
ते पोलीस टोळीच्या पेजरचा कोड सोडवतात तो भाग आमका भारी आवडलो. टेलिफोनच्या बटणांवर मधल्या पाचावरून उडी मारायची. एकाच्या जागी नऊ, दोनाच्या जागी आठ, तीनाच्या जागी सात, चाराच्या जागी सहा, पाच आणि शून्याची अदलाबदल. झाला कोड. शाळा सोडलेल्या पोरांका पण जमणारो. आणि तो सोडवता कोण, तर ज्याका सगळे मठ्ठ समजतत तो पोलीस प्रेझ. स्वतःच्या कचेरीची भिंत पिस्तुलान फोडणारो गडी!

तर्कट
अण्णा, मालवणीत 'द वायर' चा रिव्ह्यू लिहा, मी पैसे देऊन वाचेन.

मूळ मुद्द्यावर येतो. या मालिकेचे भक्त नेहमी सांगतात की इथे पात्रं नाहीत, संस्था आहेत: पोलीस खातं, बंदर, महापालिका, शाळा, पेपर. ठीक. पण मग शेवटच्या भागात काय होतं? शाळकरी पोरांतला मायकल बंदूक घेऊन लुटायला निघतो, म्हणजे नवा ओमार. त्याचा मित्र ड्यूकी सुई टोचून घेतो, म्हणजे गर्दुल्ला खबरी होता तो, नवा बबल्स. तरुण पोलीस सिडनर वरिष्ठांना डावलून न्यायाधीशाकडे जातो, म्हणजे बंडखोर डिटेक्टिव्ह होता तो, नवा मॅकनल्टी. हे मला फार आखीव वाटलं. खुर्च्या तशाच, बसणारे नवे, हे ठसवायला एक उदाहरण पुरे होतं. तीन-तीन उदाहरणं दिली की लेखकाचा हात दिसतो. आयुष्य एवढं सुबक नसतं.

खडूफळा
मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. तर्कटराव, ड्यूकीचा शेवट तुम्हाला आखीव वाटला, मला तो नीट बघवला नाही.

चौथ्या सीझनमधलं सांगतो. प्रेझ पोलिसातून बाहेर पडून गणिताचा मास्तर होतो. पहिले काही आठवडे वर्ग त्याला जुमानत नाही. मग तो फासे आणतो आणि पोरांना शक्यता शिकवतो, कारण कोपऱ्यावर जुगार खेळणाऱ्या पोरांना त्यातलं आधीच निम्मं कळतं. वर्ग जरा लायनीवर येतो न येतो तोच वरून आदेश, आता फक्त राज्याच्या चाचणीची तयारी घ्यायची. बैठकीत प्रेझच्या डोक्यात एकदम प्रकाश पडतो. हा खेळ तो पोलीस खात्यात खेळून आलेला असतो. आकडे सजवा, बढती मिळवा.

'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' 2015 ला आलं तेव्हा आमच्याकडे प्रत्येक शाळा 'प्रगत' दिसायला हवी होती. पायाभूत चाचणीच्या आधी वर्गात काय चालायचं ते शिक्षक मंडळींना सांगायला नको. कार्यक्रमाचा हेतू वाईट होता असं मी म्हणत नाही, काही शाळांत त्याने खरंच मुलं वाचती झाली. पण केंद्रावर तक्ता भरायची वेळ आली की मुलाचं नाव जातं आणि टक्का उरतो.

ड्यूकीचं तेच. त्याचे कपडे वास मारतात म्हणून पोरं त्याला हसतात, तर प्रेझ त्याला लॉकर रूममध्ये अंघोळीची सोय करून देतो, कपडे धुऊन देतो, डबा देतो. आणि मग शाळा काय करते? हुशार आहे म्हणून त्याला मध्येच वरच्या शाळेत ढकलते. चांगल्या हेतूने! जिथे त्याची एकमेव माया होती तीच तोडली. पटसंख्या आणि वर्गोन्नतीच्या हिशोबात असं पोर निसटताना मी पाहिलंय. त्यामुळे 'नवा बबल्स' वगैरे सूत्र मला दिसलंच नाही, मला आमच्या मागच्या बाकावरचा दिसला.

फौजदाराची_लेक
खडूफळा सर, अनुमोदन. चौथा सीझन हा एकटाच बघितला तरी चालेल असा आहे.

मला कार्व्हरबद्दल लिहायचंय, त्याचं नाव कुणी घेत नाही. पहिल्या सीझनमध्ये तो आणि हर्क म्हणजे दोन टगे. गाडीतून उतरायचं आणि पोरांना बडवायचं, एवढंच पोलिसिंग. मग वरिष्ठ अधिकारी कोल्विन त्याला सुनावतो की तुला तुझ्या हद्दीतली माणसंच माहीत नाहीत. तिथून तो हळूहळू बदलतो, आणि कुठेही त्यासाठी वेगळं भाषण किंवा संगीत नाही.

शाळकरी रँडीची गोष्ट त्याच्याच हातून बिघडते. पोरगं विश्वासाने माहिती देतं, कार्व्हर त्याला हर्कच्या हवाली करतो आणि हर्क बेफिकिरीने त्याचं नाव फोडतो. खबरी म्हणून शिक्का बसतो. घर पेटवतात, सांभाळणारी बाई भाजते. इस्पितळाच्या पॅसेजमधून कार्व्हर निघतो तेव्हा मागून रँडी ओरडत राहतो, तू माझ्याकडे लक्ष देणार होतास ना? देणार होतास ना? मग कार्व्हर त्याला स्वतःच्या घरी न्यायची तयारी दाखवतो, तर कार्यालय म्हणतं अर्ज, तपासणी, काही महिने लागतील. शेवटी अनाथगृहाच्या दारात सोडतो, गाडीत येऊन बसतो आणि स्टिअरिंगवर गुद्द्यांवर गुद्दे मारतो. काच बंद, त्यामुळे ओरडणं नीट ऐकूही येत नाही.

बाबा तिथे उठून गेले. बागेत नाही, आतल्या खोलीत.

रातकिडा
स्टिअरिंगचा प्रसंग लिहून तुम्ही माझी आजची संध्याकाळ खलास केलीत ताई.

निवांत_नागपूर
सगळे चौथ्या सीझनचेच गोडवे गाऊन राहिले, अन् बार्क्सडेल टोळीतल्या स्ट्रिंगर बेलचं नावच नाही? भाऊ, तोच तर हिरो आहे! कॉलेजात जाऊन अर्थशास्त्र शिकतो, गर्दवाल्यांच्या मीटिंगा सभाशास्त्राच्या नियमानं घेतो, अन् एक येडं पोरगं मीटिंगचं टिपण काढत बसते तर त्याच्यावर खेकसते की गुन्हेगारी कटाची नोंद लिहून राहिला काय? मी हसून हसून लोळलो.

तिसऱ्या सीझनमधी गॅलरीत तो अन् टोळीचा म्होरक्या एव्हन बार्क्सडेल जुन्या गोष्टी काढत बसतात ते पाहा. लहानपणी चोरलेलं काय, स्वप्नं काय. दोघंही हसतात. अन् दोघांनीही एकमेकाले विकून टाकलं असते. एकानं पोलिसाले, दुसऱ्यानं ओमारले. प्रेक्षकाले सगळं माहीत, त्यांना एकमेकांचं माहीत नाही. याच्यापेक्षा चांगला सीन मले टीव्हीवर दाखवा.

तर्कट
तो सीन भारी आहेच, वाद नाही. पण 'हिरो' शब्दावर माझी हरकत. वॉलेस आठवा. टोळीतलं सोळा वर्षांचं पोर, त्याच्याहून लहान पोरांना डबे भरून शाळेत पाठवणारं. त्याला मारायचा हुकूम स्ट्रिंगरचा, आणि मारतात कोण, तर सोबत वाढलेले बोडी आणि पूट. तुरुंगात एव्हनच्या भाच्याचा, डिअँजेलोचा गळा आवळून आत्महत्या वाटेल असं केलं, तेही स्ट्रिंगरनेच. स्ट्रिंगर झालेला इद्रिस एल्बा देखणा आहे म्हणून हे सगळं पोटात घालायचं का?

मला विचाराल तर स्ट्रिंगर ही मालिकेतली सगळ्यात मोठी फसगत आहे, आणि ती लेखकांनी जाणूनबुजून केलीय. त्याला वाटतं रस्त्यावरचा माल विकणं सोडून बिल्डर झालं की आपण सभ्य. तिथे त्याला भेटतो राज्याच्या विधिमंडळातला सिनेटर क्ले डेव्हिस, जो परवानग्या मिळवून देतो म्हणून गठ्ठेच्या गठ्ठे घेतो आणि काहीच करत नाही. रस्त्यावर कुणाला न फसलेला माणूस कोट-टायवाल्यांत नागवला जातो. चिडून क्ले डेव्हिसला उडवायला निघतो, तर एव्हन सांगतो की अरे, आमदाराला मारत नाहीत. दोन्ही दुनियांत उपरा. मेल्यावर मॅकनल्टी त्याच्या घरी जातो, तिथे ॲडम स्मिथचं पुस्तक सापडतं, आणि आपण इतके दिवस नक्की कुणाच्या मागे होतो हेच त्याला कळेनासं होतं.

पॅटाप्स्कोकाठी
आणि त्या टोळीचा पाडाव कशाने होतो? टोळीसाठी फोन आणणाऱ्या बर्नार्डच्या आळसाने! वापरून फेकायचे फोन वेगवेगळ्या दुकानांतून घ्यायचे, एका दुकानातून दोनच, असा स्ट्रिंगरचा दंडक. बर्नार्ड गाडीतून वणवण करतो आणि शेजारी बसलेली मैत्रीण भुणभुण लावते, सगळे इथूनच घेऊन टाक ना. शेवटी तो तेच करतो आणि डिटेक्टिव्ह लेस्टरला धागा सापडतो. असे तपशील सुचायला ती कामं केलेली माणसं लागतात. डेव्हिड सायमन बारा-तेरा वर्षं 'बाल्टिमोर सन' चा गुन्हेगारी वार्ताहर, एड बर्न्स आधी खुनाच्या तपासाचा पोलीस आणि नंतर शाळामास्तर. म्हणजे प्रेझ आकाशातून पडलेला नाही, बरं का.

आणखी एक. चर्चमधला तो डीकन आठवतो? ती भूमिका केलीय मेल्विन विल्यम्सने. तो खरा गर्दसम्राट होता, आणि त्याला पकडणाऱ्यांत खुद्द एड बर्न्स होता.

अण्णा_कणकवली
दुसऱ्या सीझनबद्दल कोणी बोलाचा नाय काय? पोरांका तो कंटाळवाणो वाटता. बंदरावरची माणसां बघून माका तर बरा वाटला. धान्याचा धक्का परत सुरू होवचो, खाडी खोल होवची, जहाजां येवची, एवढ्यासाठी युनियनचो पुढारी फ्रँक सोबोत्का चोरीचो माल सोडता. पैसे स्वतःक खात नाय, पुढाऱ्यांच्या घशात घालता. आणि त्याच्या मागे पोलीस कशामुळे लागतत? चर्चमधल्या रंगीत काचेच्या खिडकेवरून! पोलिसांतल्या व्हॅलचेक साहेबाक त्या जागी स्वतःची खिडकी बसवची होती, युनियनने आधी बसवली. झाला. त्या मानापानापायी सगळा घराणा बुडाला. आमच्या देवळातल्या मानकऱ्यांची भांडणां बघितलेल्याक यात नवल वाटाचा नाय.

शेवटाक त्या धान्याच्या धक्क्याचे फ्लॅट झाले. मुंबईत गिरण्यांचा काय झाला ता तुमका म्हायत आसा.

कट_टू
+१ अण्णा. सीझन दोन लोक पहिल्यांदा ढकलत ढकलत बघतात आणि दुसऱ्या वेळी त्यावरच खिळतात.

तर्कटच्या 'आखीव' मुद्द्यावर उत्तर द्यायचं राहिलं होतं. खुर्च्या तशाच राहतात हे शेवटी सांगितलं नाहीये, पहिल्या सीझनच्या तिसऱ्याच भागात सांगितलंय. डिअँजेलो बोडी आणि वॉलेसला बुद्धिबळ शिकवतो तो प्रसंग. बोडी विचारतो, प्यादं पार टोकाला गेलं तर राणी होतं ना? डिअँजेलो म्हणतो, प्यादी लवकर मरतात. बोडी म्हणतो, चलाख असेल तर नाही. चौथ्या सीझनच्या शेवटी बागेत मॅकनल्टीसमोर बसून बोडीच स्वतःला त्या पटावरचं प्यादं म्हणतो, आणि थोड्याच वेळात आपल्या कोपऱ्यावर उभ्या उभ्या मरतो. पूट पळ म्हणून सांगत असतो, हा हलत नाही.

तर्कट
मान्य. पण मग सुटणारेही बघा ना. नेमंड सुटतो. कसा? कोल्विनच्या घरी एक खोली रिकामी असते, बायको तयार असते, आणि तुरुंगातला वी-बे, नेमंडचा बाप, पोराला जाऊ द्यायला राजी होतो. चार शाळकरी दोस्तांतला सगळ्यात आगाऊ, सगळ्यात कमी लायक वाटणारा पोरगा सुटतो आणि रँडी, ड्यूकी, मायकल जातात. इथे मालिका मला खरी वाटते. कोल्विनचा शाळेतला प्रयोग बंद पाडला, हॅम्स्टरडॅममुळे (गर्दविक्रीला त्याने मोकळ्या सोडलेल्या गल्ल्या) त्याची हुद्द्यासकट पेन्शन कापली, म्हणजे संस्थेने त्याला काही करू दिलं नाही. जे केलं ते घरात केलं. या एका गोष्टीपुढे मला 'नवा ओमार, नवा बबल्स' पोस्टरसारखं वाटतं, एवढंच.

खडूफळा
आता कळलं तुमचं म्हणणं. यावर माझं भांडण नाही.

रातकिडा
शेवटचे दोन भाग बघून आलो. ओमारबद्दल थोडा नरमलोय (केनार्डला नेतात तेव्हा तो किती लहान दिसतो!). पण पाचव्या सीझनवर नवी तक्रार. मॅकनल्टी बेघरांच्या प्रेतांवर खोटे पुरावे पेरून सीरियल किलर उभा करतो, हे एकवेळ चालेल, तो दारुडा आणि आगाऊ आहेच. पण लेस्टर त्याला साथ देतो? लेस्टर? टेबलावर बाहुल्यांच्या घराचं इवलंसं फर्निचर कोरत बसणारा, सगळ्यात सबुरीचा माणूस? हे पात्राशी बेइमानी करणं आहे. आणि पेपरवाला टेंपलटन तर एकरंगी व्हिलन.

पॅटाप्स्कोकाठी
टेंपलटनबद्दल सहमत. सायमनचा 'सन' वरचा जुना राग तिथे लपत नाही. पेपरातला गस अगदीच संत आणि त्याच्या वरचे संपादक अगदीच पोकळ. बाकी चार संस्थांतली माणसं अशी एका रंगात रंगवलेली नाहीत.

फौजदाराची_लेक
लेस्टरबद्दल असहमत. पहिल्या सीझनमध्ये तो गहाणवटीच्या दुकानांच्या कक्षात किती काळ सडत असतो? तेरा वर्षं. आणि चार महिने, हेही तो न चुकता सांगतो. का पाठवलं होतं? वरिष्ठ नको म्हणत असताना एका बड्या माणसाच्या मुलाला साक्षीत ओढलं म्हणून. म्हणजे सबुरी हा त्याचा स्वभाव नव्हता, ती शिक्षा होती. ओसाड घरांतली बावीस प्रेतं त्याने एका खिळ्यावरून शोधली आणि पैसे नाहीत म्हणून वरच्यांनी मार्लोची केस बंद केली. पुन्हा कागद ढकलत बसायचं? तो ज्या क्षणी मॅकनल्टीला म्हणतो की खोटं करायचंच तर नीट कर, तिथे मला अजिबात धक्का बसला नाही.

रातकिडा
तेरा वर्षांचं पटतंय. तरी लेस्टर असा गेला असता असं मला नाही वाटत. उद्या पहिला सीझन परत सुरू करतोय, गहाणवटीचा प्रसंग आला की पुढे भांडू. तोवर तर्कट आणि मंडळी, मार्लोवर कुणीच बोललेलं नाही, त्याबद्दल लिहा. मला तो बिनचेहऱ्याचा वाटला आणि तो तसाच लिहिलाय की नटाला जमलं नाही, हे अजून ठरत नाहीये.

तर्कट
तसाच लिहिलाय. दुकानात पहारेकऱ्यासमोर मुद्दाम लॉलीपॉप चोरतो तो प्रसंग बघ. त्याला लॉलीपॉप नकोच असतो. पहारेकरी बिचारा बाहेर येऊन एवढंच म्हणतो की माझी नोकरी आहे, निदान मी इथे नाही असं तरी वागू नकोस. मार्लो त्याला मारायला लावतो. स्ट्रिंगरला पैसा हवा होता, एव्हनला इलाका, याला फक्त नाव. म्हणून शेवटच्या भागात पैसा, मोकळीक, कोट, बिल्डरांची पार्टी सगळं मिळाल्यावर तो कोपऱ्यावर परत जातो, आणि तिथली नवी पोरं त्याला ओळखतसुद्धा नाहीत.